वाजवून न घेता येणारं नाणं

गेल्या आठवड्यात आपल्या पानाच्या एका वाचकाचा मेल आला. मुलगा एसवाय बीकॉमला आहे. सुट्टीत एका ऑफिसात डेटा एंट्रीचं काम करून त्याने सहा हजार रुपये साठवलेत. कुणीतरी त्याला एका ग्रुपवर प्रूफ कॉइन सेटचा फोटो पाठवला. मखमली डबी, आत आरशासारखी लखलखणारी नाणी आणि खाली एक ओळ : 'लिमिटेड आहे, पाच वर्षांत डबल.' त्याने तो फोटो मला पाठवून विचारलं, "सर, घेऊ का?"

'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात उत्तर देता आलं असतं. दिलं नाही. कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. नाणी जमवणारी पोरं आज जवळपास प्रत्येक कॉलेजात आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांपर्यंत हा छंद पोचतो तोच मुळी 'इन्व्हेस्टमेंट'चा शर्ट घालून. म्हणून त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर.

आपल्याकडे नाणं वाजवून घ्यायची पद्धत होती. चांदीचा रुपया दुकानदाराच्या हातात पडला की तो फळीवर टाकून कान द्यायचा. खणखणीत वाजला तर गल्ल्यात, बद्द वाजला तर परत. भाषेतून ही सवय अजून गेलेली नाही. माणूस असो की नोकरी, आपण 'वाजवून घ्या' असंच सांगतो. प्रूफ नाण्याची गंमत अशी की ते वाजवून घेता येत नाही. फळीवर टाकलं की त्याच क्षणी त्याचं प्रूफपण संपतं. बोटाचा ठसा उमटला तरी बिघडतं. मग परीक्षा करायची कशी? डोळ्यांनी आणि प्रश्नांनी. आजचं सगळं सांगणं एवढंच आहे, पण ते नीट समजून घेऊ.

आधी 'प्रूफ' म्हणजे काय ते बघू. हा शब्द आमच्या वर्तमानपत्राच्या धंद्यातही आहे. पान छापायला जाण्याआधी एक प्रत काढतात, चुका तपासतात, ते प्रूफ. नाण्यांच्या बाबतीत मूळ अर्थ तोच. नवा साचा बरोबर उतरलाय की नाही हे बघायला टांकसाळीत काळजीपूर्वक पाडलेले पहिले नमुने म्हणजे प्रूफ. पुढे हे सुंदर नमुने राजेरजवाड्यांना, पाहुण्यांना भेट द्यायची आणि मग संग्राहकांना विकायची प्रथा पडली. आज प्रूफ नाणं तपासणीसाठी पाडत नाहीत. ते मुद्दाम बघण्यासाठीच पाडतात.

ते पाडण्याची रीतही वेगळी. तुमच्या खिशातलं पाच रुपयांचं नाणं ज्या यंत्रातून निघतं, ते मिनिटाला शेकडो नाणी पाडतं. चकत्या धडाधड आत जातात, नाणी धडाधड बाहेर येतात, एकमेकांवर आदळत पोत्यात पडतात. प्रूफसाठी चकती आधी पॉलिश करतात. साच्याचा सपाट भाग आरशासारखा घासतात आणि चित्राचा, अक्षरांचा भाग मुद्दाम खरखरीत ठेवतात. चकती हाताने, एकेक करून ठेवतात. ठोका एक नाही, दोन किंवा जास्त, आणि दाब जास्त. बाहेर आलेलं नाणं हातमोजे घातलेला माणूस कडेला धरून उचलतो. म्हणून प्रूफ नाण्यावर चेहरा धुक्यासारखा पांढुरका आणि त्याच्यामागची जमीन काळ्या पाण्यासारखी दिसते.

याच्या शेजारी दुसरा प्रकार असतो, 'अनसर्क्युलेटेड' किंवा 'यूएनसी' सेट. ही नाणीही कोरीच असतात, वापरलेली नसतात, पण त्यांना हा आरसा आणि हे धुकं नसतं. किंमतही कमी. नवखा माणूस इथेच पहिल्यांदा फसतो. चकचकीत दिसतंय म्हणजे प्रूफ, असं नसतं. साधं नाणंही पॉलिशने चकचकीत करता येतं. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. छापील कागद नाण्याच्या समोर उभा धरा आणि नाण्याच्या सपाट भागात त्याचं प्रतिबिंब बघा. चांगल्या प्रूफमध्ये अक्षरं उलटी, पण रेघन् रेघ स्पष्ट दिसतात. पॉलिश केलेल्या नाण्यात ती पसरतात, आणि प्रकाश तिरका पडला की सगळीकडे बारीक ओरखडे चमकतात. शिवाय पॉलिशने चित्रावरचं धुकंही पुसलं जातं. हे झालं डोळ्यांनी वाजवणं.

ही नाणी तयार होतात ती जागा आपल्यातल्या अनेकांच्या रोजच्या वाटेवर आहे. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेसमोर शहीद भगतसिंग रस्त्यावर टांकसाळ आहे. मेजर जॉन हॉकिन्स यांनी आराखडा केलेली ही इमारत १८२९ साली पूर्ण झाली. सीएसएमटीवरून उतरून त्या रस्त्याने इंटर्नशिपला जाणारी हजारो पोरं तिच्यावरून जातात आणि ती कशाची इमारत आहे हे त्यांना माहीत नसतं. आज देशात मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा अशा चार सरकारी टांकसाळी आहेत. तुमच्या पाकिटातलं कुठलंही नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. छोटा हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर मात्र हिऱ्याऐवजी पूर्वी 'बी' हे इंग्रजी अक्षर असायचं, आणि शहराचं नाव बदलल्यानंतर 'एम' आलं. म्हणजे बॉम्बेची मुंबई झाली त्याची नोंद या एका अक्षरात सापडते. असं काही सापडलं की मजा येते, आणि त्याला सहा हजार लागत नाहीत.

स्वतंत्र भारताची स्मारक नाणी सुरू झाली १९६४ मध्ये, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीला चार नाणी निघाली : २० पैसे, ५० पैसे, १ रुपया आणि चांदीचं १० रुपयांचं. मग सत्तरच्या दशकात अन्नधान्य, कुटुंबनियोजन, महिला वर्ष, बचत, बालक वर्ष असे विषय दरवर्षी नाण्यांवर आले. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाडची नाणी आली. ही नाणी ओळीने मांडली की देशाला त्या-त्या वर्षी कशाची काळजी होती ते वाचता येतं. ज्या वर्षांत 'सर्वांसाठी अन्न' हे शब्द नाण्यावर आले, त्या वर्षांत आपल्या आजी-आजोबांनी रेशनच्या रांगा लावल्यात. इतिहासाच्या पेपरात हे दोन मार्कांना येतं. नाण्यावर ते तळहाताएवढ्या जागेत समोर असतं.

आता माझी स्वतःची गोष्ट. ती सांगताना अजूनही थोडं ओशाळल्यासारखं होतं.

आमच्या आजोबांकडे गांधी शताब्दीच्या त्या चार नाण्यांची डबी होती. त्यांनी ती पगारातून पैसे बाजूला काढून घेतली होती, आणि आजीच्या मते तो शुद्ध वेडेपणा होता. "लक्ष्मी अशी डबीत कोंडून ठेवतात होय?" असं ती दर दिवाळीला म्हणायची, आणि आजोबा दर दिवाळीला हसायचे. मी एफवायला असताना लक्ष्मीपूजनाच्या सकाळी घरातली चांदी उजळायचं काम माझ्याकडे आलं. निरांजन झालं, अत्तरदाणी झाली. मग मला ती डबी आठवली. दहा रुपयांचं नाणं काठाशी जरासं पिवळसर पडलं होतं. म्हटलं, आजोबांना सरप्राइज देऊ. ओल्या फडक्यावर पावडर घेतली आणि घासलं. दोन्ही बाजूंनी. छान पांढरंशुभ्र झालं. पूजेच्या ताटात ठेवलं, वर हळदकुंकू पडलं.

संध्याकाळी आजोबांनी ते हातात घेतलं. दिव्याखाली तिरकं करून बघितलं. मला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता हे बाजारातलं नाणं झालं." आणि ते पुन्हा ताटात ठेवून दिलं. पुढे प्रत्येक लक्ष्मीपूजनाला ते ताटातच राहिलं. डबीत उरली तीन नाणी आणि एक रिकामी खाच.

तेव्हा मला वाटलं, एवढं काय त्यात? चांदी तर तेवढीच राहिली. बरोबर आहे, चांदी तेवढीच राहिली. ते नाणं १५ ग्रॅमचं, त्यात चांदी ८० टक्के, म्हणजे १२ ग्रॅम. घासून त्यातली नावापुरतीही कमी झाली नव्हती. गेलं ते दुसरंच काहीतरी. कुणीतरी साचा घासला होता, चकती घासली होती, हातमोजे घालून नाणं उचललं होतं. आजोबांनी ते पंचवीसेक वर्षं बोट न लावता जपलं होतं. ते सगळं मी पाच मिनिटांत पुसून टाकलं. प्रूफ नाण्याचा आरसा एकदा गेला की कुठलाच सोनार, कुठलीच टांकसाळ तो परत आणू शकत नाही.

म्हणून या छंदातला पहिला नियम : घासू नका. पितळेला चिंच, चांदीला पावडर हे स्वयंपाकघरात ठीक आहे. नाण्याला नाही. काठाशी आलेली पिवळी-निळी झाक ही घाण नसते. चांदीवर हवेतल्या गंधकाचा पातळ थर बसतो, ती त्याची झाक. जाणकार संग्राहक ती तशीच ठेवतात, आणि काही जण तर त्यासाठीच नाणं घेतात.

आता पैशांचं बोलू, कारण मूळ प्रश्न तोच होता. प्रूफ सेटच्या किमतीचे चार भाग पाडून बघा. पहिला, दर्शनी किंमत, म्हणजे नाण्यावर छापलेला आकडा. दुसरा, धातू. तिसरा, कारागिरी आणि डबी. चौथा, आशा. उदाहरण घेऊ. नव्या संसद भवनाच्या निमित्ताने २०२३ मध्ये ७५ रुपयांचं नाणं निघालं. वजन ३५ ग्रॅम, त्यात चांदी ५० टक्के, बाकी तांबं, निकेल आणि जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाल्याबद्दल १००० रुपयांचं नाणं काढलं गेलं. तेही ३५ ग्रॅमचंच, पण चांदी ८० टक्के, म्हणजे २८ ग्रॅम. आजचा चांदीचा भाव मोबाइलवर बघा, गुणाकार करा. दर्शनी किंमत आणि धातू यातलं जे जास्त असेल ते विकणाऱ्याच्या आकड्यातून वजा करा. जे उरलं ते कारागिरी आणि आशा. कारागिरीला पैसे द्यायला हरकत नाही, सिनेमाच्या तिकिटालाही आपण देतोच. प्रश्न आशेचा आहे. 'पाच वर्षांत डबल' ही ती आशा. ती कोण कोणाला विकतंय, हे विचारायला हवं.

आशा कशी आटते याचं एक पक्कं उदाहरण अमेरिकेतलं आहे. तिथली टांकसाळ दरवर्षी सामान्य लोकांना प्रूफ सेट विकते. १९६४ चा त्यांचा सेट २ डॉलर १० सेंटला मिळायचा. त्यातली तीन नाणी ९० टक्के चांदीची, मिळून साधारण १९ ग्रॅम चांदी. त्याच वर्षी केनेडींचं नवं अर्ध्या डॉलरचं नाणं आलं होतं, त्यामुळे लोकांनी सेट अक्षरशः उचलले. किती? ३९ लाख ५० हजारांहून जास्त. आणि लोकांनी ते जपलेही, कारण सगळ्यांना वाटलं की पुढे किंमत येईल. आज साठ वर्षांनंतरही तो सेट मूळ पाकिटात सहज मिळतो, आणि त्याची किंमत बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या आसपासच घुटमळते. जुनं आहे, चांदीचं आहे, डबाबंद आहे, तरीही दुर्मीळ नाही. सगळ्यांनीच जपलं तर दुर्मीळ काय राहणार? अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मागणी-पुरवठ्याची जी आकृती काढता ना, ती इथे पूर्ण लागू पडते.

म्हणून 'लिमिटेड आहे' या शब्दांनंतर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा : किती? आकडा सांगता येत नसेल तर 'लिमिटेड' हा नुसता शब्द आहे. दुसरा प्रश्न : हे नाणं त्या सालीच पाडलंय की नंतर? जुन्या सालाची नाणी टांकसाळीत नंतर पुन्हा पाडल्याची उदाहरणं आहेत. संग्राहक त्यांना 'रीस्ट्राइक' म्हणतात. ब्रिटिश काळातल्या नाण्यांचे असे रीस्ट्राइक आपल्याकडे झालेत. ते खोटे नसतात, पण मूळ नाण्याच्या भावाने घ्यायचेही नसतात. तिसरा प्रश्न : डबी आणि नाणी एकत्रच होती का? जुनी रिकामी डबी मिळवायची, त्यात वेगवेगळ्या ठिकाणची नाणी बसवायची आणि 'ओरिजिनल सेट' म्हणून विकायचं, हा उद्योगही चालतो. चार नाण्यांपैकी तीन एकसारखी आणि चौथं वेगळ्याच झळाळीचं दिसलं तर थांबा. (आमच्या घरची डबी कुणी बघितली तर त्यालाही हीच शंका येईल, आणि ती रास्त असेल.)

यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे सरळसरळ फसवणूक. 'तुमच्याकडे हे पाच रुपयांचं नाणं आहे? मिळवा लाखो रुपये' ही रील तुम्ही नक्की बघितली असेल. माणूस फोटो पाठवतो, पलीकडून कुणीतरी 'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय' म्हणतं, मग आधी रजिस्ट्रेशन फी, मग टॅक्स, मग कमिशन. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर निवेदन काढून सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीशी आपला काही संबंध नाही, आपण त्यासाठी कुणाकडून कमिशन घेत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. हे वाक्य घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा टाकून ठेवा. फसतात ते फक्त आपले काका-मावश्याच असतात असं नाही. हॉस्टेलची फी गेलेली मुलंही असतात, आणि ती लाजेने कुणाला सांगत नाहीत.

आता डबीकडे येऊ. सेट घेताना आपण निम्मं तर डबीवरच भाळतो. मखमल, सोनेरी अक्षरं, झाकण लागतानाचा तो हलका 'टक'. पण डबी नाण्याची राखणदार असते तशी शत्रूही होऊ शकते. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले प्रूफ सेट पुठ्ठ्याच्या लहान खोक्यात मिळायचे. प्रत्येक नाणं पातळ पिशवीत, आणि सगळ्या पिशव्या वर स्टेपलरच्या पिनने जोडलेल्या. वर्षांनुवर्षांत ती पीन गंजली आणि गंजाने नाण्यांना डाग पाडले. पुढे त्यांनी सपाट पाकीट आणलं आणि १९६८ पासून कडक प्लास्टिकच्या पेट्या. म्हणजे टांकसाळीलाही चुकत चुकतच शिकावं लागलं.

आपल्या हवेत तर ही काळजी दुप्पट. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर भिंतीला हात लावला तरी ओल लागते. कपाटातल्या चामड्याच्या चपलेला जी बुरशी येते तीच मखमलीलाही येते. तेव्हा काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा. नाणं नेहमी कडेला धरा, खाली मऊ कापड पसरा, आणि नाण्यावर वाकून बोलू नका. थुंकीचा सूक्ष्म शिंतोडासुद्धा काही महिन्यांनी काळा ठिपका होतो. मऊ, लवचीक पीव्हीसीची पाकिटं आणि अल्बम टाळा. ओळखायचे कसे? नव्या रेनकोटसारखा वास आला की समजा. त्यातलं द्रव्य झिरपतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर बसतो, तांब्यावर तर फारच लवकर. गोल कडक कॅप्सूल मिळतात, त्या घ्या. डबीला रबरबँड लावू नका, रबरातलं गंधक चांदी काळी करतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्यासुद्धा चालतात, फक्त त्या कोरड्या आहेत ना ते बघा. डबीचं अस्तर सुटत असेल, गोंदाचा वास येत असेल तर नाणी कॅप्सूलमध्ये वेगळी ठेवा. पण डबी, सोबतचं प्रमाणपत्र आणि बिल फेकू नका. तो त्या नाण्याचा जन्मदाखला आहे.

आणखी एक काम कराच, ते फुकट आहे. एक वही करा. कुठलं नाणं, कधी, कुणाकडून, किती रुपयांना घेतलं, आणि का घेतलं. 'का' हा रकाना रिकामा राहत असेल तर ते नाणं तुमचं नाही, ते त्या रीलवाल्याचं आहे.

हे झालं आपण काय करायचं ते. पण सगळी शहाणपणाची जबाबदारी विद्यार्थ्यांवर टाकून भागणार नाही. सेट सरकारी टांकसाळ काढते, त्यावर अशोकस्तंभ असतो, आणि त्या विश्वासावरच लोक घेतात. मग तीन गोष्टींची अपेक्षा गैर नाही. प्रत्येक प्रूफ सेटसोबतच्या कागदावर तो एकूण किती नग पाडला हे छापलेलं असावं. जुन्या सालाचं नाणं पुन्हा पाडलं तर त्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि चांदीच्या महागड्या सेटबरोबरच, साध्या धातूतला, साध्या पुठ्ठ्याच्या पाकिटातला एक विद्यार्थ्यांचा प्रूफ सेट असावा, जो एका सिनेमाच्या आणि पॉपकॉर्नच्या पैशांत येईल. टपाल तिकिटांनी कित्येक पिढ्यांना भूगोल शिकवला, कारण तिकीट पोरांना परवडायचं. नाण्यालाही ते जमेल.

कॉलेजांकडूनही एक मागणी. प्रत्येक कॉलेजच्या ग्रंथालयात एक प्रूफ सेट काचेखाली का नसावा? इतिहासवाल्यांना त्यात इतिहास दिसेल, मेटलर्जीवाल्यांना धातू, अप्लाइड आर्टवाल्यांना अक्षररचना, कॉमर्सवाल्यांना चलन. आम्ही बघितलेला सेट बहुतेक कुणाच्या तरी कपाटातल्या कुलपात असतो. बघण्यासाठी पाडलेली वस्तू न बघताच एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाते, यासारखा विनोद नाही. आमच्या आजीचं म्हणणं निम्मं बरोबर होतं, हे मला उशिरा कळलं. कोंडून ठेवायची नसतेच ती. पण घासायचीही नसते.

तोपर्यंत, ज्यांना जमेल त्यांनी एक दिवस काढा. मुंबईत सर पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे. २००४ साली तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी त्याचं उद्घाटन केलं. नाशिककडच्यांना तर आणखी जवळ. त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर अंजनेरीला भारतीय नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. पंधरा रुपयांचं नाणं बघायला पंधरा हजार लागत नाहीत, एसटीचं तिकीट आणि थोडा धीर लागतो. तासभर काचेला नाक लावून उभे राहा. मग घरी येऊन तो फोटो पुन्हा बघा. तुम्हाला आधी न दिसलेलं काहीतरी दिसेल. बहुतेक वेळा विकणाऱ्याला नको असलेलं.

तर मित्रा, तुझं उत्तर.

ते सहा हजार तुझ्या घामाचे आहेत, म्हणून 'नको' असं मी म्हणणार नाही. पण ते दुप्पट होतील म्हणून घेणार असशील, तर घेऊ नकोस. बँकेत ठेव, कमी मिळतील पण रात्री झोप लागेल. पुढच्या सेमिस्टरची फी त्यातून भरायची असेल, तर मग विचारसुद्धा करू नकोस. आणि ती नाणी तुला खरंच बघत बसावीशी वाटत असतील, तर त्या ग्रुपवरून घेऊ नकोस. टांकसाळ नवे सेट स्वतः ऑनलाइन विकते, तिथे एक लहान सेट बघ. आधी हजार-बाराशेच्या आतलं एखादं घे. वर्षभर जप. पावसाळा पार पडला की डबी उघडून बघ, नाणं तसंच आहे का आणि तुझी हौस तशीच आहे का. दोन्ही शाबूत असतील तर पुढच्या वर्षी मोठं घे.

आजोबांना जाऊन बरीच वर्षं झाली. ती डबी आता माझ्याकडे आहे. तीन नाणी अजून आरशासारखी आहेत. चौथं आमच्या देवघरात असतं, दर लक्ष्मीपूजनाला ताटात येतं, आणि त्याच्यावरचे ओरखडे कुंकवाने भरून लाल दिसतात. माझ्या पुतणीने मागच्या दिवाळीला विचारलं, "काका, हे घासू का?" तिला मी ती डबी आणून दाखवली, आणि रिकामी खाचही.